रंग डिस्कमधून उडत नाहीत

लग्नाची जुनी डीव्हीडी पेन ड्राइव्हवर उतरवून आणावी आणि घरी टीव्हीला लावून पाहावं, तर हिरवा चुडा काळपट, कुंकू नारिंगीकडे झुकलेलं, चेहरे तांबूस. ही तक्रार घेऊन परत गेलेल्या माणसाला ग्वाल्हेरच्या बाजारात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं: "भाईसाहब, डिस्क पुरानी है, कलर तो उतरेगा ही." शहराच्या लष्कर आणि शिंदे की छावणी या भागांतल्या आपल्या मराठी घरांनी हे उत्तर खरं मानून घेतलं आहे. वीस वर्षांची डिस्क, ग्वाल्हेरचा उन्हाळा, रंग उतरणारच, अशी समजूत काढून लोक पैसे देतात आणि घरी येतात. कित्येक जण मूळ डिस्कही तिथेच टाकून येतात. हे उत्तर चूक आहे आणि त्यामुळे होणारं नुकसान कायमचं आहे. म्हणून त्याचा प्रतिवाद सविस्तर करायला हवा.

ही समजूत आली कुठून, ते सहज कळतं. अल्बममधले सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो पिवळे-तांबडे पडलेले आपण पाहिले आहेत. व्हीएचएस कॅसेट दरवेळी वाजवताना थोडी अधिक मळकट दिसत गेली, तेही पाहिलं आहे. फोटोच्या कागदात रंगद्रव्य असतं आणि ते उजेडाने विटतं. कॅसेटच्या फितीवर चुंबकीय संकेत असतो आणि तो झिजतो. डीव्हीडीवर मात्र चित्राचा रंग कुठल्याच रूपात माखलेला नसतो. तिथे आकडे असतात. घरच्या लग्नाच्या डिस्का बहुधा रेकॉर्ड करण्याच्या डिस्का. त्यांच्यात एक रंजकद्रव्य असतं खरं, आणि उन्हाने, उष्णतेने ते खराबही होतं. पण त्या द्रव्याचा चुड्याच्या हिरव्याशी काही संबंध नाही. त्यावर लेझरने उमटवलेल्या खुणा म्हणजे शून्य आणि एक. द्रव्य बिघडलं की खुणा वाचता येत नाहीत, एवढंच होतं.

आणि वाचता आल्या नाहीत तर काय दिसतं, हे ज्याने खराब डिस्क लावली आहे त्याला ठाऊक आहे. चित्र अडकतं, चौकोन चौकोन पडतात, आवाज तुटतो, प्लेअर पुढे उडी मारतो. कधी त्या तुटक चौकोनांत क्षणभर हिरवा किंवा गुलाबी डागही उमटतो. मात्र तीन तासांच्या लग्नात पहिल्या अक्षतेपासून वरातीपर्यंत प्रत्येक हिरवा रंग सारख्याच प्रमाणात काळवंडला आणि चित्र कुठेही अडकलं नाही, असं खराब डिस्क करूच शकत नाही. डिस्कवर चुका सुधारण्यासाठी जादा आकडे मुद्दाम लिहिलेले असतात. रीड-सॉलोमन पद्धतीने प्लेअर त्यांच्या आधारे गळालेला भाग भरून काढतो. जोवर ते जमतं तोवर चित्र मूळचंच मिळतं. जमलं नाही की चित्र तुटतं. तुटणं आणि रंग बदलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याहून सोपा पुरावा घरातच आहे. संगणकावर एकाच पडद्यावर आधी मूळ डिस्क व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा, एखाद्या ठिकाणी थांबवा, मग नवी फाइल त्याच ठिकाणी थांबवा. डिस्कमधला चुडा हिरवागार दिसला आणि फाइलमधला काळपट दिसला, तर डिस्क जुनी झाल्याचा दावा तिथेच संपतो. उतरलेला रंग त्याच डिस्कमधून आज परत कसा दिसेल? माझ्या मावसबहिणीच्या लग्नाची डिस्क आम्ही अशीच तपासली. लग्न 2004 सालचं, कार्यालय लष्करातलं. फाइलमध्ये तिची पिवळी अष्टपुत्री नारिंगीकडे सरकली होती, अंतरपाटाच्या कापडाच्या चुण्या पांढऱ्यात विरून गेल्या होत्या आणि मामांच्या काळ्या कोटाचा एक सपाट धब्बा झाला होता. डिस्कमध्ये त्या कोटाची बटणं मोजता येत होती. डिस्क वीस वर्षांची होती, फाइल चार दिवसांची.

मग रंग बदलतो कुठे? उतरवून घेताना, आणि त्याला कारणं दोन-तीनच आहेत. ती नीट माहीत झालेली आहेत आणि दुरुस्तही करता येतात.

डीव्हीडीवर प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे थेट लिहिलेले नसतात. एक आकडा उजेडाचा असतो आणि दोन आकडे रंगाच्या फरकाचे. त्यातही रंगाचे आकडे चार ठिपक्यांना मिळून एक, कारण डोळ्याला उजेडातला बारकावा जास्त कळतो. या तीन आकड्यांवरून लाल-हिरवा-निळा परत काढायचं एक सूत्र आहे. साध्या टीव्हीचं, म्हणून डीव्हीडीचंही सूत्र '601' या शिफारशीतलं. ती 1982 सालची, म्हणजे ज्या वर्षी एशियाडच्या निमित्ताने आपल्या दूरदर्शनवर रंग आला त्याच वर्षाची. पुढे एचडीसाठी 1990 साली '709' ही शिफारस आली आणि तिचं सूत्र वेगळं ठरलं. पहिल्यात उजेडाच्या आकड्यात हिरव्याचा वाटा 0.587, दुसऱ्यात 0.7152. लालाचा वाटा पहिल्यात 0.299, दुसऱ्यात 0.2126.

आकडे एका सूत्राने लिहिले आणि दुसऱ्याने वाचले तर काय होतं, ते कागदावर मांडून पाहता येतं. 601 ने लिहिलेला शुद्ध हिरवा, म्हणजे 255 पैकी 255, 709 ने वाचला की सुमारे 215 वर येतो. चुडा काळपट होण्याचं कारण हे. शुद्ध लाल वाचताना त्यात सुमारे 25 इतका हिरवा शिरतो. कुंकू नारिंगीकडे झुकतं ते त्यामुळे. हळदीचा पिवळा थोडा तांबूस होतो, चेहरेही तसेच. पांढरा, काळा आणि करडा मात्र जागचे हलत नाहीत, कारण त्यांच्यात रंगाचा फरकच नसतो. हीच या चुकीची खूण. करडी भिंत जशीच्या तशी आणि हिरवा-लाल तेवढे बिघडलेले दिसले, तर सूत्राची गफलत झाली आहे हे निदान जवळजवळ पक्कं समजावं. जुनं होणारं कुठलंही द्रव्य असं निवडून, गणिताने मोजून विटत नाही.

ही गफलत सगळ्यात जास्त होते ती 'एचडी करून देतो' या जाहिरातीपायी. यावर थोडं थांबायला हवं, कारण लोक याच कामासाठी दुप्पट पैसे मोजतात. आपल्याकडची डीव्हीडी 720 गुणिले 576 ठिपक्यांची. दुकानातला संगणक ती फुगवून 1920 गुणिले 1080 करतो. फुगवताना आकडे 601 चेच राहतात, सूत्र बदलून दिलं जात नाही, आणि फाइलमध्ये कोणतं सूत्र लागू आहे याची नोंदही केली जात नाही. कित्येक डिस्कांवर मुळातच ही नोंद नसते. मग फाइल उघडणारा प्लेअर अंदाज बांधतो: चित्र मोठं आहे, म्हणजे एचडी, म्हणजे 709. प्लेअरचं यात काही चुकत नाही. त्याला खोटी ओळख दिली गेली. तीच फाइल 576 ओळींची ठेवली असती, तर त्याने 601 धरलं असतं आणि रंग बरोबर आले असते. म्हणजे जादा पैसे देऊन घेतलेली मोठी फाइल मूळ डिस्कपेक्षा वाईट निघते. तीक्ष्णता तर त्यात वाढलेली नसतेच. जे ठिपके कॅमेऱ्याने टिपलेच नाहीत ते संगणकाने अंदाजाने भरलेले असतात, आणि हल्लीच्या चेहरा सुधारणाऱ्या साधनांनी तर आजीच्या सुरकुत्यांच्या जागी दुसऱ्याच कुणाचे गाल बसवलेले मी पाहिले आहेत.

ग्वाल्हेरकरांनी ही चूक ओळखायची तर मानमंदिरासारखी खूण दुसरी नाही. पुण्या-इंदूरहून पाहुणे आले की त्यांना किल्ल्यावर न्यायचं, हे इथल्या प्रत्येक मराठी घराचं ठरलेलं, आणि हातात कॅमेरा असला की मानमंदिराच्या भिंतीवरून तो फिरतोच. राजा मानसिंह तोमराने, म्हणजे 1486 ते 1516 या काळात राज्य केलेल्या राजाने बांधलेल्या या महालाच्या बाहेरच्या भिंतीवर फिरोजी, पिवळ्या आणि हिरव्या फरशा आहेत. बदकांची रांग, हत्ती, केळीची झाडं. त्यातला फिरोजी रंग निळा आणि हिरवा यांच्या नेमका मधला. 601 चे आकडे 709 ने वाचले की त्यातला हिरव्याचा अंश घटतो, लालाचाही उरलेला अंश कमी होतो आणि फिरोजी निळ्याकडे झुकतो. शेजारची वाळूच्या दगडाची भिंत मात्र फारशी बदलत नाही. म्हणून किल्ल्यावरच्या शूटिंगची एक चौकट डिस्कमधून आणि तीच फाइलमधून काढून शेजारी ठेवली, की कुणालाही शंका राहत नाही. भिंतीशी थेट तुलना मात्र करू नये. सकाळच्या आणि दुपारच्या उन्हात ती वेगळी दिसते आणि त्या दिवशी कॅमेऱ्याने पांढरा कोणता धरला होता हेही कळायला मार्ग नाही. तुलना डिस्कशी करायची.

दुसरं कारण उजेडाच्या पट्ट्याचं. टीव्हीच्या रिवाजाप्रमाणे डीव्हीडीत काळा 16 वर असतो आणि पांढरा 235 वर. संगणकाच्या रिवाजात काळा 0 आणि पांढरा 255. उतरवताना सॉफ्टवेअरने 16-235 चा पट्टा ताणून 0-255 केला आणि फाइलमध्ये तशी नोंद केली नाही, तर प्लेअर तो टीव्हीचा पट्टा समजून पुन्हा एकदा ताणतो. दोनदा ताणल्यावर मूळचा 30 च्या खालचा सगळा भाग काळा होतो आणि 218 च्या वरचा सगळा पांढरा. मामांच्या कोटाची बटणं आणि अंतरपाटाच्या चुण्या गेल्या त्या अशा. उलट बाजूने चूक झाली तर चित्रावर राखाडी पापुद्रा आल्यासारखं दिसतं, काळे मणी धुरकट होतात. लोक नेमकं यालाच 'रंग उडाला' म्हणतात आणि मग दुकानदार वरून रंग गडद करून देतो. एका चुकीवर दुसरी चूक चढते.

तिसरं कारण कडांचं. जुन्या कॅमेऱ्यांचं चित्र एकाआड एक ओळींच्या दोन फेऱ्यांत भरलेलं असतं. हे लक्षात न घेता चित्राची उंची बदलली की लाल शालूच्या काठाशी कंगव्याच्या दातांसारख्या रेघा येतात आणि लाल रंग बाहेर ओघळतो. आधी दोन फेऱ्या नीट सोडवून मग बाकीचं काम केलं की हे होत नाही.

कुणी म्हणेल, फाइल लहान केली म्हणजे काहीतरी जाणारच. जातं, हे बरोबर. फार दाबलं तर बारीक नक्षी पुसट होते, जरीतली चमक चिखलासारखी होते, आणि लहान लहान रंगीत ठिपके फिके पडतात. पण मोठा सपाट हिरवा सगळीकडे सारखाच काळा होणं हे दाबण्याचं लक्षण नाही. डीव्हीडीतलं चित्र तरी कुठे न दाबलेलं असतं? तेही एमपेग-2 ने दाबलेलंच आहे आणि रंग शाबूत ठेवून आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. सगळा दोष उतरवणाऱ्याचा नसतो. ज्या डिस्का मुळात व्हीएचएसवरून बनल्या, त्यांच्यात कॅसेटचा झिजलेला रंग तसाच आलेला असतो. मांडवातल्या हॅलोजनखाली पांढरा न साधता केलेलं शूटिंग पिवळंच असणार. मिक्सिंगवाल्याने तेव्हा घातलेले भडक रंगही डिस्कमध्येच आहेत. हे दोष डिस्क लावली तरी दिसतात, म्हणून ते वेगळे काढता येतात. ते सुधारायचे असतील तर जरूर सुधारावेत, पण वेगळ्या प्रतीवर, आणि घरातल्या ज्याने तो शालू पाहिला आहे त्याला शेजारी बसवून. यंत्राच्या 'ऑटो कलर'वर सोपवून नव्हे. ऑटो कलरला हळदीच्या कार्यक्रमातला पिवळा हा दोष वाटतो आणि तो त्याला पांढऱ्याकडे ओढतो.

आता सगळ्यात अवघड युक्तिवाद, कारण तो घरातूनच येतो. "राहू दे रे, रंगाचं काय एवढं, माणसं दिसतात ना, आठवण राहिली म्हणजे झालं." वडीलधारी माणसं हे मायेने म्हणतात आणि त्यांना उलट बोलवत नाही. तरी हे मान्य करता येत नाही. आपण ज्या गावात राहतो तिथे ख्यालाच्या बैठकीत गंधार किंचित उतरला तर मागच्या रांगेतला म्हाताराही मान वळवतो. सूर साधारण तिथेच होता ना, असं तिथे कुणी म्हणत नाही. डोळ्याच्या बाबतीत आपण इतके ढिले का असावं? लग्नाच्या चित्रात रंग हीच माहिती असते. नवरी अष्टपुत्रीत केव्हा होती आणि शालूत केव्हा, आजीचं लुगडं हिरवं होतं की निळं, हे पन्नास वर्षांनी सांगायला त्या फाइलीशिवाय कुणी उरणार नाही. आज आपल्याला आठवतं म्हणून चूक दिसते. नातवंडांना चूक दिसणारच नाही, ती काळपट हिरवा हाच खरा धरतील.

आणि हा प्रश्न घरापुरता नाही. या गावात गाण्याच्या बैठकी, शिष्यांची अरंगेत्रं, गणेशोत्सवातली नाटकं यांची शूटिंगं कितीतरी घरांच्या कपाटांत व्हीसीडी आणि डीव्हीडीवर पडून आहेत. तानसेन समारोहाची शताब्दी 2024 साली झाली. माधव संगीत महाविद्यालय 1918 पासून उभं आहे आणि राजा मानसिंह तोमर संगीत व कला विद्यापीठ 2008 पासून. अशा गावात घरगुती चित्रणांचा संग्रह एके दिवशी कुणीतरी करणारच. तेव्हा त्याच्या हाती ताणलेल्या, फुगवलेल्या, नारिंगी फाइली येणार असतील, तर ते काम आत्ताच हातातून निसटतं आहे.

करायचं काय, ते अवघड नाही. सगळ्यात आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत: आयएसओ फाइल, किंवा मेकएमकेव्हीसारख्या साधनाने चित्र पुन्हा न दाबता काढलेली एमकेव्ही. यात रंग बदलायला जागाच नाही, कारण आकड्यांना कुणी हात लावत नाही. जागा फार लागते ही सबब आता टिकत नाही. घरच्या रेकॉर्डिंगची एका थराची डीव्हीडी जास्तीत जास्त 4.7 जीबी, म्हणजे 64 जीबीच्या पेन ड्राइव्हवर डझनभर भरलेल्या डिस्का आरामात बसतात. व्हीसीडी तर त्याहून खूपच लहान. ही प्रत सांभाळून ठेवायची, आणि मोबाइलवर पाठवण्यासाठी लहान फाइल हवी असेल तर ती या प्रतीवरून करायची.

लहान फाइल करताना 576 ओळी तशाच ठेवाव्यात आणि फाइलमध्ये 601 ची नोंद करावी. हँडब्रेकसारख्या रूपांतराच्या साधनातही चित्राचा आकार वाढवायच्या भानगडीत पडू नये. मोठी फाइल हवीच असेल, तर फुगवताना आकडे 601 वरून 709 मध्ये खरोखर बदलून घ्यावे लागतात. एफएफएमपेग या साधनात आकार बदलण्याच्या त्याच आज्ञेत येणारं आणि जाणारं सूत्र सांगण्याची सोय आहे. नुसती नोंद बदलून इथे भागत नाही, कारण बरेच टीव्ही यूएसबीवरच्या फाइलीतली नोंद वाचतच नाहीत आणि आकारावरून ठरवतात.

ज्यांच्याकडे आधीच बिघडलेली फाइल आहे आणि डिस्क हरवली आहे, त्यांनीही लगेच आशा सोडू नये. मीडियाइन्फो या साधनात फाइल उघडून रंगाचं सूत्र आणि पट्टा यांची नोंद पाहावी. आकडे मूळचेच असतील आणि नोंद तेवढी चुकली किंवा राहिली असेल, तर एच.264 फाइलमधली ती नोंद चित्र पुन्हा न दाबता बदलता येते. नोंद न वाचणाऱ्या टीव्हीवर याचा उपयोग नाही, पण काम मिनिटांचं आहे आणि गुणवत्तेत कणभरही घट होत नाही. मात्र एकदा ताणून, कापून, वर आणखी दाबलेल्या फाइलमधली कोटाची बटणं परत येत नाहीत. तिथे डिस्क हाच उपाय.

दुकानदारांशी माझं वैर नाही. त्यांच्यातले कितीतरी जण पूर्वी स्वतः शूटिंग करत आणि पांढरा कागद कॅमेऱ्यासमोर धरल्याशिवाय सुरुवात करत नसत. त्यांना रंग कळतो. त्यांनी गिऱ्हाइकाला फाइल देण्याआधी डिस्क आणि फाइल एकाच पडद्यावर शेजारी लावून दाखवावी, एवढंच मागणं आहे. आपणही डिस्क देतानाच तीन गोष्टी सांगाव्यात: आकार वाढवू नका, रंग सुधारू नका, डिस्क परत द्या. डिस्क खरोखर जुनी होते आणि मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या या गावात गच्चीखालच्या कपाटात ती लवकर होते. म्हणून ही प्रत काढायची ती या उन्हाळ्याच्या आत, आणि रेकॉर्ड केलेल्या डिस्का आधी घ्यायच्या. बाजारातून विकत आणलेल्या सिनेमांच्या छापील डिस्का मागे ठेवल्या तरी चालेल, कारण त्या सिनेमाची दुसरी प्रत कुठे ना कुठे मिळते.